लाइट गेली तरी पेलेटची शेगडी धुमसू नये म्हणून

पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या गोळ्यांवर, चालणारी शेगडी म्हणजे लाकडाची चूल नव्हे. चुलीला लाइट गेल्याचा पत्ताही नसतो. आपल्याकडच्या गुऱ्हाळातलं चुलवाण चिपाडावर दिवसभर धडधडतं, पण त्याला वारा ओढून देतं ते उंच धुराडं. पेलेटच्या शेगडीला धुराडं नसतं, असलं तरी आखूड असतं. तिचा सगळा जीव खालच्या ब्लोअरमध्ये. ब्लोअर थांबला की शेगडी विझत नाही, धुमसायला लागते, आणि खरी अडचण तिथंच सुरू होते.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर वाइंडिंगचं काम करतो. खानावळवाले, मिसळवाले, फरसाणाच्या भट्ट्या, लग्नाचे आचारी यांच्याकडून पेलेट शेगडीचे ब्लोअर दुरुस्तीला येतात. त्यातल्या बऱ्याच ब्लोअरांत मुळात काही खोट नसते. लाइट गेली, ब्लोअर थांबला, खालच्या निखाऱ्याची धग उलटी पाइपातून आली आणि आतली प्लॅस्टिकची पाती वितळून एका अंगाला वाकली, एवढंच. पाती बदलून देता येतात, पण पुढच्या वळवाच्या पावसात लाइट गेली की तोच ब्लोअर परत माझ्या टेबलावर. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघता येईल: शेगडीच्या ब्लोअरला त्याची स्वतःची बॅटरी द्या. घरच्या किंवा दुकानाच्या इन्व्हर्टरवर त्याला जागा करून देऊ नका.

लाइट जाते तेव्हा आत काय होतं

चालू शेगडीत नीट बघा. ब्लोअरचा वारा दोन वाटांनी जातो. थोडा खालच्या भोकांतून पेलेटच्या थरात शिरतो आणि पेलेट तापवतो. तापलेल्या पेलेटमधून जो वायू निघतो, तो वरच्या कडेच्या भोकांतून येणाऱ्या वाऱ्यात पेटतो. शेगडीच्या तोंडाशी दिसणारी बसकी, फरफर आवाज करणारी ज्योत म्हणजे हा पेटलेला वायू. म्हणूनच नीट चाललेल्या शेगडीचं पातेलं फारसं काळं होत नाही.

आता ब्लोअर बंद. पहिल्यांदा आवाज जातो. ज्योत उंच, लालसर आणि मंद होते, इकडंतिकडं लोळते आणि थोड्याच वेळात मरते. पण खालचे पेलेट तसेच लालभडक असतात, त्यांच्यातून वायू निघतच राहतो. पेटायला वारा नसल्यामुळं तो दाट, पिवळसर धूर होऊन वर येतो. डोळे झोंबतात ते यानंच. पण जास्त घातक आहे तो त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि माणसाला वाटतं की उभं राहून राहून थकवा आलाय.

त्यात एक गोष्ट सगळे विसरतात. लाइट गेली की भटारखान्याचा एक्झॉस्ट पंखाही बंद पडतो. म्हणजे धूर सर्वांत जास्त निघतो नेमका त्याच वेळी तो बाहेर काढणारं काही नसतं. त्यात पाऊस असला तर शटर अर्धं खाली ओढलेलं. बॅटरीचा विचार करताना ब्लोअरच्या जोडीला एक्झॉस्टही धरा. तो जमत नसेल तर निदान समोरासमोरची दोन दारं किंवा खिडक्या उघड्या राहतील एवढं तरी बघा. कुणाचं डोकं दुखायला लागलं तर त्याला आधी मोकळ्या हवेत न्या, बाकी सगळं नंतर. भटारखान्यात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, तोही स्वतःच्या सेलवर चालणारा.

बॅकअप बसेपर्यंत, किंवा बसवलेला ऐनवेळी दगा देईल तेव्हा, हा क्रम ठेवा. ब्लोअरचा रेग्युलेटर आधी शून्यावर आणा. हे सर्वांत महत्त्वाचं, कारण लाइट परत आली की साचलेल्या वायूला एकदम वारा मिळतो आणि तोंडातून भडका उठतो. शेगडीवर वाकून बघणाऱ्याच्या भुवया त्यातच जळतात. मग हॉपर, म्हणजे पेलेट भरून ठेवायचा डबा, असेल तर त्याची झडप बंद करा आणि झाकण उघडू नका, नाहीतर आग उलटी हॉपरात चढायला वाट मिळते. नवीन पेलेट टाकू नका. पातेल्यानं तोंड पूर्ण झाकलं असेल तर ते दोघांनी धरून उतरवा. राखेचं खालचं दार बोटभर उघडलं तर नैसर्गिक ओढीनं थोडा वारा मिळतो आणि धूर कमी होतो. पाणी मात्र अजिबात ओतायचं नाही. वाफेचा आणि राखेचा लोट तोंडावर येतो आणि तापलेलं ओतीव लोखंड तडकतं. लाइट आल्यावर तोंड बाजूला ठेवून रेग्युलेटर हळूहळू वर न्या.

आधी मोजा, मग दुकानात जा

बॅटरी केवढी घ्यायची हे दुकानदाराला विचारू नका. तो तुम्हाला 150 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी आणि त्यावर मोठा इन्व्हर्टर दाखवेल, कारण त्याच्याकडं तेच शिल्लक असतं. तुमचा ब्लोअर किती खातो ते तुम्हालाच माहीत हवं.

ब्लोअरच्या पाटीवर बघा. 12 व्होल्ट डीसी लिहिलं असेल तर तुमचं काम निम्म्यानं सोपं आहे. 230 व्होल्ट एसी असेल तर पाटीवरच्या वॅटवर फार विसंबू नका, विशेषतः स्वस्तातल्या शेडेड पोल मोटरच्या. प्लगमध्ये घालायचं वॅटमीटर मिळतं, त्यातून ब्लोअर चालवून आकडा घ्या. वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारं क्लँप मीटर असेल तर एक युक्ती सांगतो. ब्लोअरचा करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास असतो आणि एवढ्या कमी करंटला क्लँप मीटर नीट वाचत नाही. मग फेजची एकच वायर क्लँपच्या जबड्यातून दहा वेळा गुंडाळा आणि आलेल्या आकड्याला दहानं भागा. वायर एकच घ्या. फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र घातल्या तर मीटर शून्य दाखवेल. हे काम ज्याला वायरिंगची सवय आहे त्यानंच करावं.

मोजताना रेग्युलेटर ज्या ठिकाणी रोज असतो तिथंच ठेवा. डीसी ब्लोअरला वेग कमी केला की वीज फार झपाट्यानं कमी लागते. हिशेबानं वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण वीज आठवा भागच लागते. म्हणजे लाइट गेल्यावर रस्सा उकळवायचा हट्ट सोडून मंद आचेवर नेलं तर तीच बॅटरी किती तरी जास्त वेळ पुरते. 230 व्होल्टच्या ब्लोअरला पंख्याच्या साध्या रेग्युलेटरवर एवढा फायदा मिळत नाही, उलट मोटर तापते.

आता हिशेब. राजारामपुरीत विद्यार्थ्यांची खानावळ चालवणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांची शेगडी 12 व्होल्टची, ब्लोअर पूर्ण वेगाला 3 अँपिअर घेतो. संध्याकाळी सातला शेगडी पेटते ती साडेदहाला उतरते, म्हणजे साडेतीन तास. 3 गुणिले साडेतीन, साडेदहा अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं, म्हणून दुप्पट, 21. बॅटरी वर्षा-दोन वर्षांत थोडी मंदावतेच, त्यासाठी वर पाचेक. म्हणजे 26 एएचची बंदिस्त बॅटरी. एका हातानं उचलता येते. लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर ती जास्त खोलवर वापरता येते, त्यामुळं 20 एएच भरपूर झाली, फक्त तिचा चार्जर तिच्यासाठीचाच हवा.

मावशींनी माझ्याकडं येण्याआधी एका दुकानातून मोठा इन्व्हर्टर घेतला होता आणि घरचे पंखे, टीव्ही, मुलांच्या खोल्यांचे दिवे आणि शेगडी सगळं त्यावर टाकलं होतं. त्या म्हणाल्या, "दादा, दुपारी लाइट गेली की पोरं पंखे लावून झोपत्यात, आन् रातच्याला भाकरी टाकायच्या येळंला बॅटरी रिकामी." यात इन्व्हर्टरचा दोष नव्हता. ज्याची ज्याला गरज असते तो त्या वेळी बॅटरी वापरणारच. आणखी एक धोका असतो. कुणीतरी त्या लाइनवर मिक्सर लावला की इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन ट्रिप होतो. दिवा गेला तर माणूस अंधारात बसेल, पण भरात असलेली शेगडी वाऱ्याविना राहिली तर वर सांगितलेलं सगळं घडतं. म्हणून वेगळी बॅटरी.

डीसी ब्लोअर: बॅटरी मधे बसवा

माझ्या मते खानावळीसाठी यापेक्षा चांगली व्यवस्था नाही. ब्लोअर कायम बॅटरीवरच चालतो आणि चार्जर बॅटरीला जोडलेला असतो. लाइट असताना चार्जर ब्लोअरलाही वीज देतो आणि बॅटरीही भरलेली ठेवतो. लाइट गेली की चार्जर गप्प बसतो, ब्लोअरला कळतसुद्धा नाही. मधे एका विजेवरून दुसरीवर नेणारा चेंजओव्हर नाही, रिले नाही, बटण नाही. बिघडायला जेवढं कमी, तेवढं बरं.

इथं दोन आकडे सांभाळा. बंदिस्त शिशाच्या बॅटरीला कायम जोडून ठेवायचा चार्जर 13.5 ते 13.8 व्होल्टवर थांबणारा हवा. चारचाकीच्या बॅटऱ्या भरायचा जुना चार्जर कायम लावून ठेवला तर बॅटरी फुगते. दुसरं, चार्जरचा करंट ब्लोअरच्या करंटपेक्षा जास्त हवा. ब्लोअर 3 अँपिअर घेत असेल आणि चार्जर 2 अँपिअरचा असेल तर लाइट असतानाही बॅटरी उतरतच राहते, आणि गरजेच्या वेळी ती अर्धी झालेली असते. 3 ब्लोअरचे आणि 3-4 बॅटरीचे, असा 7 अँपिअरच्या आसपासचा चार्जर 26 एएचच्या बॅटरीला बरोबर बसतो. जोडण्याआधी ब्लोअरच्या पाटीवर बघा, त्याला 13.8 व्होल्ट चालतात का. बहुतेकांना चालतात.

बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच. ब्लोअरच्या करंटच्या दीडपट ते दुप्पट घ्या, म्हणजे 3 अँपिअरला 5 अँपिअरचा. भटारखान्यात वायर घासली, उंदरानं कुरतडली, तापलेल्या पत्र्याला लागली आणि शॉर्ट झाली, तर लहान बॅटरीसुद्धा वायर लाल करण्याइतका करंट देते.

वायर जाड वापरा. 12 व्होल्टला लांबी फार महाग पडते. बॅटरी दहा मीटरवर ठेवली आणि एक एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) वायर ओढली, तर जाऊन-येऊन वीस मीटर होतात आणि 3 अँपिअरला जवळपास एक व्होल्ट वाटेतच जातो. ब्लोअर मंद फिरतो, ज्योत पिवळी पडते, आणि दोष पेलेटला दिला जातो. तीच वायर अडीच एमएमची घेतली की अर्ध्या व्होल्टच्याही आत काम भागतं. शेगडीजवळचा शेवटचा हातभर तुकडा उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन वायरचा घ्या.

प्लस-मायनस तपासून जोडा. ब्रश असलेली डीसी मोटर उलट जोडली तरी फिरते, आणि गंमत म्हणजे गोल डब्याचा ब्लोअर उलट फिरला तरी वारा पुढंच फेकतो, फक्त फार कमी. त्यामुळं ब्लोअर चालू दिसतो, आवाज येतो, हातालाही थोडा वारा लागतो, पण शेगडी धूर करते. नवीन जोडणीनंतर धूर वाढला तर सर्वांत आधी हे बघा. ब्रशलेस मोटर मात्र उलट जोडली तर आतलं सर्किटच जळू शकतं.

230 व्होल्टचा ब्लोअर

इथं इन्व्हर्टर लागणारच. तो प्युअर साइन वेव्हचाच घ्या. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ब्लोअर चालतो, पण घूं घूं करतो, जास्त तापतो, आणि रेग्युलेटर लावला असेल तर त्याचा वेग कधी वर कधी खाली होतो. अशा मोटरांची वाइंडिंग काढताना मला काळं पडलेलं वार्निश दिसतं. मोटर लगेच जळत नाही, तापून तापून हळूहळू मरते.

हिशेब असा. ब्लोअर 60 वॅट. इन्व्हर्टरची स्वतःची भूक 15 वॅटच्या आसपास आणि रूपांतरातली घट धरून बॅटरीवर साधारण 85 वॅटचा भार पडतो. साडेतीन तासांना 300 वॅट-तास. 12 व्होल्टनं भागले की 25 अँपिअर-तास, निम्मीच वापरायची म्हणून 50, जुनेपणासाठी थोडी वर, म्हणजे 60-65 एएच. सुटा 60 वॅटचा ब्लोअर असेल तर छोटा इन्व्हर्टर पुरतो, पण सुरू होताना मोटर चालू करंटच्या दुप्पट-तिप्पट ओढते, त्यामुळं निदान 250-300 व्हीएचा घ्या (व्हीए हे इन्व्हर्टरच्या ताकदीचं माप). एक्झॉस्टही धरायचा असेल तर त्याचे वॅट मिळवून हाच हिशेब परत करा.

घरगुती इन्व्हर्टरच्या मागं बऱ्याचदा एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इन्व्हर्टर किंवा नॉर्मल लिहिलेलं. साध्या ब्लोअरला कुठलंही चालतं, कारण लाइनवरून बॅटरीवर जायच्या क्षणात तो फिरता राहतो. ज्या शेगडीला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आहे तिला मात्र यूपीएसवर ठेवा. नाहीतर लाइट जाता-येता कंट्रोलर बंद होऊन पहिल्यापासून सुरू होतो.

कॉम्प्युटरचा जुना यूपीएस घरात पडलेला असेल तर त्याला कमी लेखू नका. 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी असते. ती चांगली असेल तर 60 वॅटचा ब्लोअर अर्धा तास चालतो. त्यावर स्वयंपाक होणार नाही, पण शेगडीतलं पेलेट धूर न करता जळून संपायला एवढा वेळ पुरतो. त्याची लहर चौकोनी असते, म्हणून हे विझवण्यापुरतंच. रोजच्या संध्याकाळी त्यावर ढकलू नका. ज्यांना आज खर्च जमत नाही त्यांनी एवढं तरी करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्वयंचलित बर्नर असेल तर

फरसाणाच्या कढईला किंवा खव्याच्या भट्टीला बसवलेल्या बर्नरमध्ये पेलेट आपोआप पुढं ढकलणारा स्क्रू असतो, ब्लोअर असतो, काहींना पेटवणारी विजेची कांडी असते. थंड देशांत घरं उबदार ठेवणारे पेलेट स्टोव्ह असतात, त्यांचीही रचना मुळात हीच. तिथंही सुरुवातीला कांडीमुळं तीनशे-चारशे वॅट लागतात आणि एकदा पेटला की शंभराच्या आसपास. पाच मिनिटांच्या कांडीला बॅटरीतली वीज फारशी लागत नाही. पण त्या वेळी 12 व्होल्टच्या बॅटरीतून तीस-एक अँपिअर ओढले जातात, व्होल्टेज खाली बसतं आणि जरा जुनी बॅटरी असेल तर इन्व्हर्टर लो बॅटरी दाखवून बंद पडतो. म्हणून बॅटरीवर नव्यानं पेटवायच्या भानगडीत पडू नका. जळती भट्टी जळती ठेवणं एवढंच काम बॅटरीला द्या.

यात सर्वांत वाईट प्रकार म्हणजे ब्लोअर बंद आणि स्क्रू चालू. न जळलेल्या पेलेटचा ढीग साचतो, धूर कोंडतो आणि मग एकदम भडकतो. लाइट गेल्या-आल्यावर बर्नर आपोआप सुरू होत नाही ना, हे बसवणाऱ्याकडून करून घ्या: कॉन्टॅक्टर (लाइट गेली की आपोआप सुटणारा स्विच) आणि हातानं दाबायचं स्टार्ट बटण. स्क्रू फक्त मेन लाइनवर आणि ब्लोअर बॅटरीवर, अशी जोडणी कंट्रोलरला चालत असेल तर फारच उत्तम. लाइट जाते, पेलेट यायचे थांबतात, ब्लोअर आतलं सगळं जाळून टाकतो आणि भट्टी सभ्यपणे विझते. पण कंट्रोलरची जोडणी स्वतः कापू-जोडू नका, बनवणाऱ्याला विचारून करा.

बॅटरी कुठं ठेवायची

शेगडीखालच्या मोकळ्या जागेत नको. दिसायला सोयीची वाटते, पण उष्णता बॅटरीची वैरी आहे. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो ठिणगीला पेटतो. भिंतीच्या पलीकडं, हवा खेळत्या जागी, कमरेच्या उंचीवर फळीवर ठेवा. बॅटरीच्या टोकांवर हिरवी-पांढरी बुरशी चढते, ती गरम पाण्यानं पुसून पेट्रोलियम जेली लावा. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच.

ज्यांचं दुकान दुधाळी, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, चिखली-आंबेवाडी अशा पुराच्या पट्ट्यात आहे त्यांनी कमरेची उंची विसरा. 2019 आणि 2021 चं पाणी तुमच्या भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ते तुम्हाला माहीत आहे, फळी त्याच्या वर ठोका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 39 चा आकडा आला की बॅटरी, चार्जर आणि पेलेटची पोती वर चढवायची, 43 ची वाट बघायची नाही. पेलेट भिजले की फुगून भुसा होतो आणि वाळवले तरी परत पेलेट होत नाहीत. दमट हवेत उघडं पोतं ठेवलं तरी ते मऊ पडतात आणि धूर करतात. झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात भरून ठेवा. त्या दोन्ही पुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि बाहेरून माल येणं थांबलं, तेव्हा पावसाळ्याआधी दहा-बारा दिवसांचा साठा घरात हवा.

पुरात लाइट दिवस-दिवस नसते. तिथं 26 एएचची बॅटरी एकटी काय करणार? डीसी ब्लोअर असेल तर छपरावर 100 वॅटचं सोलर पॅनेल आणि छोटा चार्ज कंट्रोलर जोडून ठेवा. पावसाळी ढगात पॅनेल फार कमी देतं हे खरं, पण ब्लोअर अर्ध्या वेगावर ठेवला तर त्याची भूकही तेवढीच कमी असते. पुराच्या दिवसांत पेठेतल्या तालमी आणि मंडळं शेकडो माणसांचं जेवण शिजवतात. अशा ठिकाणी एक तरी शेगडी विजेवाचून चालणारी असावी, असं मला मनापासून वाटतं.

जनरेटर असेल तर तो बाहेर उघड्यावर, दारा-खिडकीपासून लांब. त्याच्या धुरातही तोच कार्बन मोनॉक्साइड असतो. आणि जनरेटरची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये उलटी घालून दुकान चालवायचा प्रकार कुणीही करू नये. ती वीज मीटरमधून लाइनवर जाते आणि डांबावर चढलेल्या महावितरणच्या वायरमनचा जीव घेते. चेंजओव्हर स्विच बसवा, नाहीतर ब्लोअर थेट जनरेटरला जोडा. 230 व्होल्टच्या शेगडीची बॉडी अर्थ केलेली हवी आणि लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) हवा. ओल्या फरशीवर, ओल्या हातानं काम चालतं तिथं.

आचाऱ्यांना एक सोय आयतीच असते, ती म्हणजे भांडी आणणारा टेम्पो. मांडवातली लाइट गेली तर 12 व्होल्टचा ब्लोअर टेम्पोच्या बॅटरीवर चालतो. क्लिपा लावलेली, फ्यूज घातलेली अडीच एमएमची वायर गाडीत कायम ठेवा. पण गाडीची बॅटरी स्टार्टरसाठी असते, खोलवर उतरवण्यासाठी नाही. तासाभरानं इंजिन थोडा वेळ चालू करा, आणि तेही टेम्पो मांडवाच्या कापडापासून लांब उभा करून.

बसवल्यावर तपासा

सगळं जोडून झालं की कोरड्या दिवशी, गिऱ्हाईक नसताना, शेगडी पूर्ण भरात आणा आणि मेन एमसीबी खाली करा. ज्योतीचा आवाज बदलतो का ऐका. घड्याळ लावा आणि ठरवलेले तास पूर्ण चालते का बघा. बॅटरीच्या टोकांवर मल्टीमीटर ठेवा. भार चालू असताना शिशाची बॅटरी 12 व्होल्टच्या आसपास आली की ती निम्मी झाली समजा, आणि हे ठरलेल्या वेळेच्या आधी होत असेल तर हिशेबात किंवा बॅटरीत काहीतरी कमी आहे. हे दर महिन्याला पाच मिनिटं करा, वळीव सुरू व्हायच्या आधी पूर्ण वेळ करा.

डीसी ब्लोअरचा करंट नवा असताना मोजून शेगडीच्या बाजूला पेंटनं लिहून ठेवा. पुढं आकडा वाढला तर बेअरिंग घट्ट झालं समजा. आकडा कमी झाला तर खूश होऊ नका. अशा ब्लोअरला वारा कोंडला की तो कमी करंट घेतो, म्हणजे जाळीची भोकं राखेनं बुजली आहेत. सळईनं भोकं मोकळी करा, राख काढा आणि परत मोजा.